सभागृहाची प्रेक्षक गॅलरी मुंबईकरांसाठी उघडा : महापालिकेच्या नगरसेवकांना खुले पत्र

प्रति,
माननीय महापौर, उपमहापौर आणि सर्व २२७ नगरसेवक-नगरसेविका,
बृहन्मुंबई महानगरपालिका, महापालिका मार्ग, मुंबई

सप्रेम नमस्कार.

१५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईकरांनी मतदान केले आणि आपण निवडून आलात. आपणा सर्वांचे, पक्ष कोणताही असो, मनापासून अभिनंदन. आधीच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती. त्यानंतर जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. पाणी येत होते, कचरा उचलला जात होता, अंदाजपत्रकेही मंजूर होत होती, पण ज्या सभागृहात हे सगळे चारचौघांसमोर बोलून ठरायचे ते सभागृह रिकामे होते. आता ते पुन्हा भरले आहे. याच सभागृहाविषयी, आणि ते ज्या इमारतीत आहे तिच्याविषयी, मला आपल्याशी बोलायचे आहे.

मी व्यवसायाने ड्राफ्ट्समन. वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत बसून आयुष्यभर इतरांच्या इमारतींचे नकाशे काढले. त्यामुळे कुठलीही इमारत पाहिली की तिचा नकाशा आधी डोळ्यांसमोर येतो आणि शोभा नंतर. महापालिका मुख्यालयाची शोभा सगळ्यांनाच दिसते. रात्री दिव्यांत तिचे फोटो काढायला समोर गर्दी असते, त्यासाठी सेल्फी पॉइंटही केलेला आहे. मला मात्र आपल्यापुढे तिचा नकाशा मांडायचा आहे. ही इमारत कशासाठी बांधली गेली हे त्या नकाशातच लिहिलेले आहे.

जागेपासूनच सुरुवात करतो. जागा अडचणीची होती. एका बाजूने आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, म्हणजे जुना हॉर्नबी रोड. दुसऱ्या बाजूने आजचा महापालिका मार्ग, जुना क्रुकशँक रोड. हे दोन रस्ते बोरीबंदरसमोर येऊन मिळतात आणि मध्ये पाचरीसारखा तुकडा उरतो. पुढे निमुळता, मागे रुंद. अशा प्लॉटवर सरळ चौकोनी कचेरी बांधली तर पुढचा कोपरा वाया जातो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी नेमका उलटा विचार केला. तो टोकाचा कोपराच त्यांनी इमारतीचा चेहरा केला. प्रवेश तिथे, मुख्य जिना तिथे आणि जिन्याच्या डोक्यावर तो उंच मनोरा, वर कांद्याच्या आकाराचा घुमट. दोन्ही बाजूंचे पंख दोन रस्त्यांच्या कडेने मागे पसरत जातात. ज्या जागेची अडचण होती तीच जागा इमारतीची शान झाली.

जिन्याकडे आपण रोज जाता-येता जरा थांबून बघावे, एवढी विनंती. इतर कचेऱ्यांत जिना म्हणजे वर जाण्याची सोय, कुठेतरी कोपऱ्यात सारलेली. इथे जिन्यासाठी शहरातली सर्वांत मोक्याची जागा दिली आहे आणि त्याच्यावर घुमट उभा केला आहे. घुमट आपण देवळावर पाहतो, मशिदीवर पाहतो, थडग्यावर पाहतो. जिन्यावर घुमट कोण बांधतो? वर चढून जाणारा माणूस महत्त्वाचा आहे असे ज्याला वाटते तोच. पायऱ्या रुंद आहेत, कमानी उंच आहेत, उजेड वरून येतो, आणि चढणाऱ्याची पावले सभागृहाकडे वळतात. करवसुलीची खाती, इंजिनिअरांच्या खोल्या, दप्तरखाना यांच्यासाठी कोणी असा जिना बांधत नाही. तो लोकांच्या प्रतिनिधींसाठी आणि त्यांच्या मागून येणाऱ्या लोकांसाठी बांधला आहे.

रस्त्यापलीकडचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हेही स्टीव्हन्स यांचेच. त्याचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर लगेच ते या इमारतीकडे वळले. एकाच माणसाने दहा-पंधरा वर्षांत समोरासमोर उभ्या केलेल्या या दोन इमारती एकत्र पाहिल्याशिवाय एकीचाही अर्थ पुरता लागत नाही. स्थानक ही एका खासगी रेल्वे कंपनीची कचेरी होती. तिच्या घुमटावर प्रगतीची मूर्ती आहे. पालिकेची इमारत करदात्यांची. तिच्या दर्शनी त्रिकोणी माथ्यावर पंख असलेली मूर्ती आहे ती मुंबई नगरीची, हिंदुस्थानातल्या पहिल्या शहराची. स्थानकात इटालियन गॉथिक वळण जास्त दिसते. पालिकेच्या इमारतीत व्हेनिसच्या धर्तीच्या टोकदार कमानी आहेतच, पण त्यांच्या जोडीला पाकळ्या-पाकळ्यांच्या कमानी आणि कोपऱ्याकोपऱ्यांवरचे घुमट आपल्याकडच्या बांधणीतून आलेले आहेत. माझ्या मते स्टीव्हन्स यांचा हात दुसऱ्या इमारतीत जास्त मोकळा झाला आहे. स्थानक अधिक भव्य आहे हे खरे, पण पालिकेची इमारत अधिक बांधेसूद आहे, आणि तिला या मातीचा वास जास्त आहे.

त्या काळच्या मुंबईच्या मोठ्या इमारतींचा पिवळसर दगड कुर्ला-मालाडच्या खाणींतला, आणि बारीक कोरीवकामासाठी पोरबंदरचा मऊ दगड. पोरबंदरचा दगड छिन्नीला लवकर वश होतो, म्हणूनच पाने-फुले-वेली इतक्या नाजूक निघाल्या. पण जो दगड छिन्नीला वश तो खाऱ्या हवेलाही वश. त्याची दुरुस्ती सिमेंट लिंपून होत नाही. सिमेंट आतली ओल कोंडून धरते आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. चुन्याच्या कामाला वेळ लागतो, जाणते गवंडी लागतात, खर्च लागतो. आपल्यापुढे या इमारतीच्या डागडुजीचे प्रस्ताव येतील तेव्हा एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा आणि कंत्राटात चुना लिहिला आहे की सिमेंट, हे विचारा. केबल कुठून नेणार आणि दगडात किती भोके पाडणार, हेही विचारा.

आता इतिहासाकडे येतो, कारण माझ्या मागणीचे मूळ तिथे आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या आयुक्तांच्या हाती आला. माणूस कर्तबगार होता. रस्ते, गटारे, बाजार यांची कामे त्यांनी धडाक्याने केली. क्रॉफर्ड मार्केट त्यांच्याच नावाचे. पण पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे विचारणारे कोणी नीट नव्हते. खर्च हाताबाहेर गेला, कर वाढले आणि १८७१ मध्ये करदाते खवळले. नौरोजी फर्दुनजींसारखी माणसे पुढे झाली. तरुण फिरोजशहा मेहता यांनी तेव्हा घेतलेली भूमिका मला आजही फार मोलाची वाटते. आयुक्ताचे हात बांधू नका, त्याला काम करू द्या, पण त्याला जाब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली असू द्या, असे त्यांचे म्हणणे. त्या वेळी ते कोणालाच फारसे रुचले नाही. पण १८७२ च्या कायद्याने ६४ जणांची महापालिका आली आणि तिच्यातले निम्मे सभासद करदात्यांनी निवडून दिले.

मे १८८२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. त्याच रिपन यांच्या हस्ते डिसेंबर १८८४ मध्ये या इमारतीची कोनशिला बसली. त्या वर्षी महापालिकेचे अध्यक्ष होते फिरोजशहा मेहता. तोवर पालिकेची कचेरी आधी गिरगाव रोडच्या टोकाला एका साध्या घरात आणि १८७० पासून एस्प्लनेडवर वॉटसन हॉटेलच्या शेजारी होती. कोनशिला बसली, पण बांधकाम काही लगेच सुरू झाले नाही. आराखडा कोणाचा यावर बराच काथ्याकूट झाला. मद्रासकडचे नामांकित वास्तुविशारद रॉबर्ट चिशोम यांचा इंडो-सारसेनिक, म्हणजे भारतीय-इस्लामी घाट आणि युरोपीय बांधणी यांचा मेळ घालणाऱ्या, शैलीतला आराखडाही विचारात होता. शेवटी पसंती मिळाली ती स्टीव्हन्स यांच्या आराखड्याला. दरम्यान १८८८ मध्ये मुंबई महानगरपालिका अधिनियम मंजूर झाला. त्याच्या घडणीत फिरोजशहांबरोबर काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचाही मोठा वाटा होता. आपण ज्या कायद्याखाली निवडून आला आहात तो, अनेक दुरुस्त्यांसह, अजून तोच आहे. पुढच्याच वर्षी, २५ एप्रिल १८८९ ला, इमारतीचे काम सुरू झाले आणि ३१ जुलै १८९३ ला पुरे झाले. कायदा आणि इमारत अशी एका मागोमाग आली. एकाने सभेला अधिकार दिला, दुसरीने तिला बसायला जागा दिली.

खर्चाचा हिशेबही सांगण्याजोगा आहे. मंजुरी होती ११,८८,०८२ रुपयांची. इमारत उभी राहिली ११,१९,९६९ रुपयांत. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले. हे काम अंगावर घेतलेले ठेकेदार व्यंकू बाळाजी कालेवार, आणि जागेवर देखरेख करणारे अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. वैद्यांनी समोरच्या स्थानकाच्या कामातही स्टीव्हन्स यांना साथ दिली होती. स्टीव्हन्स हे नाव आज गुगल केले तरी सापडते. वैद्य आणि कालेवार ही नावे किती मुंबईकरांना ठाऊक आहेत? कागदावरची रेघ दगडात उतरवणारी माणसे ही होती. माझ्यासारख्या आयुष्यभर रेघा मारणाऱ्याला याची किंमत कळते. त्या तिरक्या प्लॉटवर एकही कोपरा काटकोनात बसत नाही, त्यावर घुमटाचा भार तोलायचा, आणि तेही मंजूर रकमेच्या आत. दर्शनी जागी, मोठ्या मराठी अक्षरांत, या दोघांची नावे आणि हा हिशेब लावा. आपल्या ठेकेदारांनाही जाता-येता तो वाचता येईल.

या सभागृहाने काय काय पाहिले आहे! इमारत पुरी होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती तोच सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला. तो ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. गोव्यातल्या हडफड्याचा हा माणूस मुंबईत डॉक्टरकी करायचा आणि महापालिकेचा सभासद होता. प्लेगचे नाव उघडपणे घेणे म्हणजे बंदर, गिरण्या, व्यापार सगळ्यांवर गदा. व्हिएगस यांनी स्थायी समितीपुढे ते नाव घेतले. पुढे ते महापालिकेचे अध्यक्षही झाले. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. १९३१ पासून अध्यक्षाला महापौर म्हणू लागले. १९४२ च्या धामधुमीत युसुफ मेहेरअली महापौर होते. १९४८ मध्ये प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली आणि चाळीतल्या भाडेकरूला, गिरणीतल्या बदली कामगाराला इथे आपला माणूस पाठवता आला. १९५६ मध्ये सुलोचना मोदी पहिल्या महिला महापौर झाल्या. १९६१ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर निवडून आल्या. गोरेगावच्या नळांना पाणी नाही हा प्रश्न घेऊन मृणालताई भांडल्या आणि लोकांनी त्यांना पाणीवाली बाई केले. पाणी हा या शहरात शेवटी राजकारणाचा प्रश्न असतो, हे त्यांनी दाखवून दिले. तानसाचे पाणी १८९२ मध्ये मुंबईत आले तेव्हाही तो तसाच होता.

२००० साली लागलेल्या आगीत हे सभागृह जळाले. चित्रे, पुतळे, लाकूडकाम यांचे मोठे नुकसान झाले. पालिकेने ते पुन्हा उभे केले, त्याबद्दल तेव्हाच्या सगळ्यांचे ऋण मानले पाहिजे. सभा दुसऱ्या एखाद्या नव्या, वातानुकूलित इमारतीत हलवा असे म्हणणे सोपे होते. तसे झाले नाही. सभा जिथे होती तिथेच परतली.

आणि आता माझी मागणी.

१८८८ च्या अधिनियमाचे ३६ वे कलम आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. नसेल तर जरूर वाचा. महापालिकेची प्रत्येक सभा लोकांना खुली असेल, असे त्यात आहे. अपवाद एकच. एखादी चौकशी किंवा चर्चा खासगीत व्हावी असे हजर सभासदांपैकी बहुसंख्यांनी ठरावाने ठरवले, तर. जो कोणी कामकाजात व्यत्यय आणील त्याला बाहेर काढण्याचा अधिकार अध्यक्षस्थानी असलेल्याला आहेच. याचा अर्थ सरळ आहे. सभागृहाचे दार मुळात उघडे आहे, आणि ते बंद करायचे तर आपल्याला ठराव करावा लागतो. नागरिकाने आत येण्यासाठी कोणाची मेहेरबानी मागायची नाही. राणीच्या राज्यात, परकीय सरकार असताना, फिरोजशहा-तेलंगांच्या पिढीने हे पदरात पाडून घेतले.

प्रत्यक्षात मुंबईत जन्म काढलेल्या किती माणसांनी सभागृहाचे कामकाज गॅलरीत बसून पाहिले आहे? माझ्या इमारतीत, माझ्या नातेवाइकांत, माझ्याबरोबर काम केलेल्या माणसांत मी विचारले. बहुतेकांना अशी गॅलरी आहे हेच माहीत नव्हते. लोकसभा टीव्हीवर दिसते, विधानसभेची भांडणे दिसतात. ज्या सभेत आपल्या गल्लीतल्या गटाराचा, शाळेचा, दवाखान्याचा निर्णय होतो ती मात्र दिसत नाही. आणि या सभेपुढे येणारे आकडे लहान नाहीत. २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. देशातल्या काही राज्यांच्या अंदाजपत्रकांहून ते मोठे आहे.

जानेवारी २०२१ मध्ये या इमारतीचा हेरिटेज वॉक सुरू झाला ही चांगली गोष्ट झाली. जिना, घुमट, सभागृह लोकांना आतून बघायला मिळाले. पण शनिवार-रविवारी दिसते ते रिकामे सभागृह. खुर्च्या, नक्षी, छत. ते बघून आनंद होतोच. तरीही नकाशा वाचणारा माणूस म्हणून सांगतो, सभा भरलेली नसताना हे दालन अर्धेच दिसते. त्याची उंची, गॅलरीची जागा, अध्यक्षांच्या आसनाची दिशा, हे सगळे बोलणारी माणसे आणि ऐकणारी माणसे गृहीत धरून आखलेले आहे. ऐकणारा काढून टाकला तर आराखड्यातला एक भाग कायमचा रिकामा राहतो.

म्हणून माझे मागणे एवढेच, की प्रत्येक सभेला गॅलरीतल्या काही जागा थेट नागरिकांसाठी ठेवा. नगरसेवकाची चिठ्ठी नको, पक्षाचा कार्यकर्ता असण्याची अट नको, ओळखीपाळखी नको. ओळखपत्र दाखवावे, नाव नोंदवावे, प्रथम येईल त्याला प्रथम जागा. नोंदणी विभाग कार्यालयातही करता यावी, म्हणजे दहिसरच्या किंवा मानखुर्दच्या माणसाला फोर्टात दोन खेपा पडणार नाहीत. सभेची कामकाजपत्रिका आधी मराठीत लावा, म्हणजे आपल्या कामाचा विषय कधी आहे ते लोकांना कळेल. आणि महापालिका शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलांना वर्षातून एकदा तरी चालू सभेला आणा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात महापौर, आयुक्त, स्थायी समिती पाठ करून घेण्यापेक्षा एक तास गॅलरीत बसल्याने ते पोर जास्त शिकेल. ज्या शाळेत ते शिकते तिचे छप्पर गळते की नाही, हे त्याच खोलीत ठरत असते.

सुरक्षेचा मुद्दा येईल. तो खोटा नाही. सीएसएमटीचा परिसर २६/११ ला काय भोगून गेला ते आपण सर्व जाणतो. पण संसदेत आणि विधान भवनात कडक तपासणी करूनही प्रेक्षक जातातच. तपासणी करा, मोबाइल बाहेर ठेवायला सांगा, पिशव्या तपासा. गोंधळाचा मुद्दाही येईल. घोषणाबाजी करणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार कायद्याने दिलेलाच आहे. जागा कमी आहे असे कोणी म्हणेल, तर कमी जागांपासून सुरुवात करा. वीस माणसे बसली तरी चालतील. माझी खात्री आहे की वर वीस अनोळखी मुंबईकर बसले आहेत हे ठाऊक असताना खाली आपल्यापैकी प्रत्येकाचे भाषण थोडे अधिक तयारीचे होईल, आणि आपल्यातल्या ज्यांची तयारी आजही चांगली असते त्यांचे काम पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांना दिसेल. आपल्या मेहनतीला साक्षीदार मिळणे हे आपल्याही भल्याचे आहे.

यासाठी राज्य सरकारची परवानगी लागत नाही, नवा कायदा लागत नाही, मोठी तरतूद लागत नाही. आपल्यापैकी कोणीही एकाने ठरावाची सूचना द्यावी आणि दुसऱ्याने अनुमोदन द्यावे. ते दोघे वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर फारच उत्तम. ठराव आला की मी त्या सभेसाठी विभाग कार्यालयात नाव नोंदवायला येईन. गुडघे कुरकुरतात, पण तो जिना चढायची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक करदाता ज्येष्ठ नागरिक,
दादर, मुंबई